एका खुर्चीचे तीन धनी

दामोदर हर्डीकरांनी आयुष्यात एकही वस्तू पहिल्या दुकानात घेतली नव्हती. एकतीस वर्षं त्यांनी झाशीजवळच्या एका सरकारी कारखान्याच्या खरेदी खात्यात काढली होती आणि त्या खात्याचा धर्म एकच होता: तीन कोटेशनं, त्यांचा तुलनात्मक तक्ता आणि तक्त्याखाली सही. निवृत्तीनंतर काही माणसं भजनाला लागतात, काही गुडघ्यांच्या मागे लागतात. दामोदरराव मराठी मंडळाचे सेक्रेटरी झाले आणि तक्ते चालूच राहिले. गेल्या गणपतीत मोदक बाहेरून मागवायचे ठरलं, तेव्हा त्यांच्या तक्त्यात 'कळ्यांची सरासरी संख्या' असा एक रकाना होता. मोदक आले तेव्हा गणपती विसर्जनाला निघाले होते, पण कळ्या भरपूर होत्या हे विरोधकांनीही मान्य केलं.

अशा माणसाच्या हाती मंडळाच्या वार्षिक नाटकाची तिकिटं ऑनलाइन विकण्याचं काम आलं, हा कोणाचाच दोष नव्हता. यापूर्वी तिकिटं हातोहात विकली जायची, म्हणजे दामोदरराव पुस्तक घेऊन घरोघर जायचे. ओरछा गेटच्या गल्ल्यांपासून थेट कारखान्याच्या वसाहतीपर्यंत एकही मराठी उंबरठा त्यांनी सोडला नव्हता. त्यांची एक पद्धत होती. आधी तब्येतीची चौकशी, मग चहा, मग मंडळाचा इतिहास स्थापनेपासून, आणि यजमानांचे डोळे मिटायला लागले की तिकीट. त्यांच्या स्वतःच्या मते ही कला होती. एवढं करून गेल्या वर्षी एकशे ऐंशी खुर्च्यांवर चोपन्न माणसं बसली होती, आणि त्यांतला एक हॉलचा चौकीदार होता, जो पाय दुखतात म्हणून बसला होता.

यंदा मात्र गोष्ट वेगळी होती. यंदा नाटकात प्रमुख भूमिका शशिकलाबाईंची होती.

शशिकलाबाई म्हणजे दामोदररावांच्या पत्नी. बावीस वर्षं त्या मंडळाच्या नाटकांत विंगेत स्टुलावर बसून, हातात बॅटरी धरून, अडलेल्या नटांना वाक्यं पुरवत आल्या होत्या. बावीस नाटकं त्यांना पाठ होती आणि एकाही प्रेक्षकाने त्यांचं तोंड पाहिलं नव्हतं. बँकेत नोकरी करणारी मृदुला मंडळाची नाटकं लिहायची आणि बसवायची. तिने यंदा नवं दोन अंकी नाटक लिहिलं आणि जाहीर करून टाकलं की बाईची भूमिका शशिकलामावशीच करतील. शशिकलाबाईंनी तीन दिवस नाही म्हटलं आणि चौथ्या दिवशी तालमीला गेल्या. जाताना नवऱ्याला एवढंच म्हणाल्या, "अहो, एक करा. यंदा खुर्च्या रिकाम्या दिसू देऊ नका."

अडतीस वर्षांच्या संसारात बाईंनी मागितलेल्या गोष्टी दामोदररावांना एका हाताच्या बोटांवर सांगता आल्या असत्या. ही त्यांतली होती. संहिता त्यांनी वाचली नाही. तो कलेचा विभाग, आपला प्रशासनाचा, असं ते म्हणत. तालीम मृदुलाच्या घरी चालायची आणि तिकडे यायचं नाही, अशी त्यांना ताकीद होती. प्रशासनाला त्यात वावगं काही दिसलं नाही.

ऑनलाइनची कल्पना मंडळाचे अध्यक्ष नारायणराव यांची. नारायणरावांचं घराणं झाशीत आठ पिढ्यांचं. बड़ा बाज़ारामागे त्यांचं घर आहे आणि त्यांची मराठी जुन्या शिसवी कपाटासारखी आहे: भक्कम, आणि मधल्या कप्प्यात हिंदी भरलेली. समितीच्या बैठकीत ते म्हणाले, "आमच्या आजोबांच्या वेळेस डुग्गी पिटून दवंडी दिली की लोक येत. अब ज़माना बदल गया, सेक्रेटरीसाहेब. मोबाइलवर टाका. पण एकच धरून बसू नका, दोन-तीन पाहून घ्या."

दोन-तीन. दामोदररावांच्या कानात हे शब्द तुपासारखे उतरले.

शेजारच्या रिछारियाजींचा मात्र या सगळ्याला विरोध होता. गच्चीच्या कठड्यावर कोपर ठेवून त्यांनी सल्ला दिला की तिकीट नावाची चीजच चुकीची आहे. दरवाज्यात पूरी-सब्ज़ीचा भंडारा लावा, पब्लिक आपोआप आत. दामोदररावांनी विचारलं, पब्लिक जेवून गेली तर? रिछारियाजी म्हणाले, तर पुण्य तरी लागेल, नाटकाने कोणाला पुण्य लागल्याचं ऐकिवात नाही.

तिकिटं विकणाऱ्या तीन कंपन्या निघाल्या. एक पक्कीसीट, दुसरी रौनकपास, तिसरी एंट्रीवाला. दामोदररावांनी कोऱ्या कागदावर तक्ता आखला. पहिल्याच संध्याकाळी त्यांच्या लक्षात आलं की कारखान्यात कोटेशन देणारे पुरवठादार हात जोडून उभे असत. इथे मात्र पुरवठादार आपल्यालाच परीक्षेला बसवतात. पक्कीसीटने आयोजकाचा 'दुकानासमोर उभा असलेला' फोटो मागितला. मंडळाला दुकान नाही. मंडळाची एकूण स्थावर-जंगम मालमत्ता म्हणजे नारायणरावांच्या ओसरीवरचं एक लोखंडी कपाट. तेव्हा नारायणराव काळी टोपी घालून कपाटाशेजारी उभे राहिले आणि फोटो पाठवला. उत्तर आलं की फोटोत मालक स्पष्ट आहे, दुकान बंद दिसतं, कृपया दुकान उघडून पुन्हा फोटो काढावा. कपाट उघडून फोटो काढला. आत नाटकाच्या दाढ्या, एक गदा आणि हळदीकुंकवाची ताटं होती. तो फोटो मंजूर झाला.

खरा घाव पुढे बसला. रौनकपासच्या अर्जात 'कार्यक्रमाची भाषा' असा प्रश्न होता आणि खाली यादी. दामोदररावांनी यादी वर-खाली केली, चष्मा पुसून पुन्हा केली. त्यांनी मदतकक्षाला लिहिलं. मदतकक्षात रिया नावाची कोणी यंत्रबाई होती, तिने तत्परतेने कळवलं की आपल्या भावनांचा आम्ही आदर करतो, तथापि झाशी शहरासाठी मराठी उपलब्ध नाही.

ही बातमी दामोदररावांनी नारायणरावांना फोनवर सांगितली. नारायणराव हळू आवाजात म्हणाले, "तिला सांगा, आठ पिढ्या झाल्या." दामोदररावांनी रियाला तसं कळवलं. रियाने लिहिलं, आपली तक्रार सोडवली गेली आहे, कृपया आम्हाला गुण द्या.

शेवटी रौनकपासवर नाटक 'इतर' भाषेत गेलं, पक्कीसीटवर हिंदीत, आणि एंट्रीवालावर दामोदररावांनी रकाना कोरा सोडला. कोरा रकाना पाहून यंत्राने यादीतलं पहिलं नाव स्वतःच भरलं. त्या यादीत पहिली भाषा आसामी होती.

आता प्रश्न उरला निवडीचा. दुसरा कोणी असता तर तिघांतला एक उचलून मोकळा झाला असता. पण कागदावरची कोटेशनं ही नुसती तोंडाची वाफ असते, मालाची चाचणी झाल्याशिवाय ऑर्डर देणं हा गुन्हा आहे, हे दामोदररावांनी एकतीस वर्षं पाळलेलं तत्त्व. त्यांनी आठ दिवसांची चाचणी ठरवली. तिन्ही ठिकाणी विक्री सुरू करायची. जो सर्वांत जास्त विकेल त्याला ऑर्डर, बाकीच्या दोघांना आभाराचं पत्र. आता प्रत्येकाला खुर्च्या किती द्यायच्या? साठ-साठ द्याव्यात असं मृदुलाने सुचवलं होतं. दामोदरराव हसले. अर्ध्या-पाव मालाची चाचणी ही चाचणीच नव्हे. तिघांना समान संधी, म्हणून तिघांनाही पूर्ण हॉल. एकशे ऐंशी, एकशे ऐंशी, एकशे ऐंशी.

त्यांच्या बाजूने एवढंच म्हणता येईल की चोपन्नाचा आकडा त्यांच्या डोळ्यांसमोर होता. आपण स्वतः जाऊन जिथे चौकीदार धरून चोपन्न जमली, तिथे एका निर्जीव यंत्राकडून आठ दिवसांत किती जातील? फार तर बारा.

आठ दिवस त्यांनी मुद्दाम फोन उघडला नाही. चाचणीत निरीक्षकाने ढवळाढवळ करू नये. नवव्या दिवशी सकाळी अंघोळ करून, देवाला नमस्कार करून, तक्ता समोर ठेवून त्यांनी आकडे पाहिले. पक्कीसीट: एकशे ऐंशी, हाउसफुल्ल. रौनकपास: एकशे ऐंशी, हाउसफुल्ल. एंट्रीवाला: एकशे एकाहत्तर, आणि शेजारी एक लाल ज्योत हलत होती, तिच्याखाली लिहिलं होतं, 'लवकर करा'.

दामोदरराव पाटावरून उठले आणि पुन्हा पाटावर बसले.

पण आकड्यांपेक्षा मोठा धक्का आकड्यांच्या खाली होता. तिथे गिऱ्हाइकांनी आपापले अभिप्राय लिहिले होते. पहिला असा: 'घरबसल्या तिकीट मिळाले. सेक्रेटरी आले नाहीत. पाच तारे.' दुसऱ्या एका कुटुंबाने लिहिलं होतं की गेली अकरा वर्षं नाटक पाहायची इच्छा होती, पण तिकीट घेण्याइतकी मोकळी संध्याकाळ मिळत नव्हती. तिसऱ्याने नुसतंच 'अत्यंत शांत सेवा' असं म्हटलं होतं. ग्वाल्हेरहून कोणीतरी साठ तिकिटं एकदम घेतली होती आणि झाशीच्या आप्तांकडून समजल्याप्रमाणे यंदा धोका नसल्याने येत आहोत, असा खुलासा केला होता. दामोदररावांनी एकूण त्रेचाळीस अभिप्राय वाचले. ज्या घरांत त्यांनी चहा घेतला होता, पोहे घेतले होते, दोन ठिकाणी तर नातवंडांना पाढे म्हणायला लावले होते, त्या घरांनी एकमुखाने यंत्राला पाच तारे दिले होते. आपल्या कलेने इतकी वर्षं लोकांना दाराआड दिवे मालवून बसायला लावलं, हे माणसाला असं फोनवर कळू नये.

स्वाभिमानाचं दुःख मात्र त्यांना पुरतं करताही आलं नाही, कारण एकशे ऐंशी खुर्च्यांना आता पाचशे एकतीस धनी होते आणि नाटक रविवारी होतं.

त्यांनी तातडीने दोन ठिकाणचा कार्यक्रम रद्द करायला घेतला. पक्कीसीटने कारण विचारलं आणि चार पर्याय दिले: पूर, दंगल, कलाकाराचे निधन, कलाकाराची प्रकृती गंभीर. 'तुलनात्मक चाचणी' हा पर्याय नव्हता. झाशीत पूर नव्हता. दंगल होती की नाही हे दामोदररावांनी खिडकीतून पाहून घेतलं. समोर एक गाय उभी होती. निधन त्यांना बरं वाटेना. स्वयंपाकघरातून शशिकलाबाईंचा संवाद घोकण्याचा आवाज येत होता. तेव्हा त्यांनी उरलेल्यातलं सौम्य कारण निवडलं आणि कळ दाबली. कंपनीने ते कारण प्रत्येक गिऱ्हाइकाला कळवलं आणि तिकीट परत करता येईल असंही सांगितलं. इतकं झाल्यावर लोक आपली तिकिटं परत करतील, अशी त्यांची अपेक्षा होती.

तिकीट एकानेही परत केलं नाही. मात्र तासाभरात दारावर रिछारियाजी उभे होते, हातात दोन शहाळी, चेहरा सुतकी. त्यांना मराठीचं अक्षर येत नव्हतं, पण भाभीजींचं नाटक म्हणून त्यांनी चार तिकिटं घेतली होती. दार शशिकलाबाईंनी उघडलं, पदरात मटारच्या शेंगा.

रिछारियाजी पुरते हबकले. "भाभीजी, आप तो खड़ी हैं."

"क्यों, लेट जाऊँ?" शशिकलाबाईंनी विचारलं.

त्यांच्यामागे कारखान्याच्या वसाहतीतून आलेल्या चार बायका जिन्यात होत्या, मोसंबी घेऊन. त्यांच्यामागे नारायणराव, धापा टाकत, अंगारा घेऊन. दुपारपर्यंत घरात फळांचे ढीग लागले आणि प्रत्येक पाहुण्याने शशिकलाबाईंना मटार सोलताना पाहून थोडासा हिरमोड झाल्यासारखा सुस्कारा सोडला. शेवटचा माणूस गेल्यावर त्यांनी दार लावलं आणि नवऱ्यासमोर येऊन बसल्या. दामोदररावांनी सगळं सांगितलं. तीन कंपन्या, चाचणीचं तत्त्व, समान संधी, पुराचा पर्याय. तक्ताही दाखवला.

"एकूण किती?" शशिकलाबाईंनी विचारलं.

"पाचशे एकतीस."

"आणि खुर्च्या?"

"एकशे ऐंशी. दोनदा मोजल्यात मी."

शशिकलाबाईंनी तक्ता पुन्हा वरून खाली वाचला. दामोदररावांना ते ओरडण्यापेक्षा भयंकर वाटलं. बाईंनी उभ्या आयुष्यात एकदा भरलेला हॉल मागितला आणि आपण तिला रविवारी दारात मारामारी देणार. मराठी माणसांची, आठ पिढ्यांच्या आणि बदलीवर आलेल्यांची, सी-चौदा नंबरच्या खुर्चीवरून. ते म्हणाले की हवं तर ते सगळ्यांच्या घरी जाऊन माफी मागतील.

"तुम्ही कोणाच्याही घरी जायचं नाही," शशिकलाबाई घाईने म्हणाल्या. मग जरा थांबून, जणू एखादं वाक्य पहिल्यांदाच म्हणून पाहावं तसं, त्यांनी विचारलं, "पाचशे एकतीस माणसं माझं नाटक बघायला येणार?"

"तसं लेखी नाही, पण येणार."

"मग एकालाही परत पाठवायचं नाही. तीन प्रयोग करू."

"एका दिवसात?"

"बावीस वर्षं अख्खं नाटक मीच म्हणतेय. फक्त हळू. तीनदा मोठ्याने म्हणायला काय होतंय?"

हॉल दिवसभरासाठीच मिळतो, त्यामुळे ती अडचण नव्हती. मृदुलाला फोन केला, ती आधी किंचाळली आणि मग म्हणाली की होय. पक्कीसीटवाल्यांना सकाळी दहा, रौनकपासवाल्यांना दुपारी दीड, एंट्रीवालावाल्यांना संध्याकाळी पाच. ही विभागणी दामोदररावांनी केली आणि ती निर्दोष होती, एवढंच की एका घरातल्या सासूला सकाळ आली आणि सुनेला संध्याकाळ. अदलाबदल करून देतो म्हटल्यावर दोघींनी स्वतंत्र फोन करून सांगितलं की आहे ते उत्तम आहे.

रविवारी दामोदरराव सकाळी नऊपासून हॉलच्या दारात उभे राहिले. तिकिटं तपासायला दुसरं कोणी नव्हतं, आणि प्रत्येक कंपनीचं तिकीट वेगळ्या तऱ्हेने तपासावं लागत होतं. दहाच्या प्रयोगाला पडदा उघडला तेव्हा ते बाहेर उशिरा आलेल्या ग्वाल्हेरकरांशी झगडत होते. आतून हशा ऐकू यायला लागला. मंडळाच्या नाटकात हशा यापूर्वी दाढी निघाली तेव्हाच झाला होता, म्हणून त्यांना काळजी वाटली. पण हशा थांबेना. साडेबाराला लोक डोळे पुसत बाहेर आले आणि दामोदररावांना पाहताच एकदम गप्प झाले. वसाहतीतल्या एका बाईंनी त्यांचा हात दोन्ही हातांत घेऊन दाबला. ग्वाल्हेरच्या एका अनोळखी गृहस्थाने मिठी मारली. रिछारियाजी मागे रेंगाळले, त्यांना एक अक्षर कळलं नसावं अशी दामोदररावांची समजूत होती. ते गहिवरून बुंदेलीत म्हणाले, "भाईसाहब, हम आपखों का समझत ते, और आप का निकरे." आणि पाचच्या प्रयोगातल्या उरलेल्या नऊ जागांतली एक त्यांनी उभ्या उभ्या घेतली.

दामोदररावांनी हे आपल्या व्यवस्थेचं कौतुक समजून स्वीकारलं. दीडच्या प्रयोगानंतर मात्र त्यांना चमत्कारिक वाटू लागलं. नारायणराव बाहेर आले, नजरेला नजर देईनात. आपल्या डब्यातलं पान त्यांनी दामोदररावांच्या हातावर ठेवलं, जे त्यांनी आठ पिढ्यांत कोणाला दिलं नसेल, आणि म्हणाले, "सेक्रेटरीसाहेब, आपण थोर आहात. मी असतो तर घर सोडून गेलो असतो."

पाचच्या प्रयोगाला कॅन्टोन्मेंटमधून तीन आसामी कुटुंबं आली होती, नटूनथटून, सहा महिन्यांत पहिल्यांदाच आपल्या भाषेतलं काही ऐकायला मिळेल म्हणून. दामोदररावांनी त्यांना खरी परिस्थिती सांगितली. त्यांतला एक फौजी बायकोशी दोन शब्द बोलला आणि म्हणाला, आलोच आहोत तर बसतो. पहिला अंक दामोदररावांनी सवयीने दारातच काढला. पण आता यायचं कोणी राहिलं नव्हतं. ते आत शिरले आणि भिंतीला टेकून उभे राहिले.

दुसरा अंक चालू होता. रंगमंचावर नवऱ्याच्या भूमिकेत विद्याधर, मंडळाचा नेहमीचा नट. त्याच्या अंगात तपकिरी बिनबाह्यांचा स्वेटर होता, जो दामोदररावांना पंधरा दिवस घरात सापडत नव्हता. खिशाला दोन पेनं. नाकावर चष्मा, चष्म्याला दोरी. हातात पट्टी घेऊन तो कागदावर रेघा मारत होता. शशिकलाबाई पोटाला उशी बांधून, कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या.

दामोदररावांनी नकळत आपल्या चष्म्याची दोरी चाचपली. प्रेक्षकांतल्या काही माना मागे वळल्या आणि शिष्टाचार म्हणून पुन्हा पुढे झाल्या.

शशिकलाबाई प्रेक्षकांकडे वळल्या. हा आवाज दामोदररावांनी कधी ऐकला नव्हता. शेवटच्या रांगेपर्यंत स्वच्छ पोचणारा, कोणालाही न घाबरणारा. त्या सांगत होत्या: "मला कळा सुरू झाल्या तेव्हा हे खाली गेले. मला वाटलं, टेम्पो आणतील. हे तीन टेम्पोवाल्यांना उभं करून भाव विचारत होते. मी खिडकीतून म्हटलं, अहो, मूल थांबत नाही. हे म्हणाले, तिसऱ्याचं कोटेशन येऊ दे."

हॉल कोसळला. आसामी फौजी खुर्चीच्या हाताला धरून हसत होता. रिछारियाजी, दुसऱ्यांदा पाहत असल्यामुळे, एक वाक्य आधीच हसायला लागले होते.

शशिकलाबाईंनी हशा ओसरू दिला. बावीस वर्षं दुसऱ्यांच्या थांबण्याच्या जागा मोजणाऱ्या बाईलाच तेवढं थांबता येतं. मग त्या हळू म्हणाल्या, "आणि तिघांतला सगळ्यात महाग होता, त्याला घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा. नंतर मी तो तक्ता पाहिला. भावाचा रकाना खोडला होता. वर लिहिलं होतं, 'खड्ड्यात धक्के किती बसतील.'"

कोणी हसलं नाही. कोणीतरी नाक ओढलं. दामोदररावांना हे आठवत नव्हतं. रकाना आपण खोडला होता? त्यांना फक्त तो उतारावरचा रस्ता आठवला आणि टेम्पोची कडी घट्ट धरलेला आपला हात.

पडदा पडला तेव्हा अख्खा हॉल उभा राहून टाळ्या वाजवत होता. दामोदरराव वाजवायचे विसरले. गर्दी ओसरल्यावर ते विंगेत गेले. शशिकलाबाई पोटावरची उशी सोडत होत्या, चेहऱ्यावर अर्धा रंग, घसा पार बसलेला. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं आणि त्यांचा हात उशीच्या गाठीवर तसाच थांबला.

दामोदररावांना बोलायचं पुष्कळ होतं, पण तोंडून निघालं ते असं:

"टेम्पोवाले तीन नव्हते. चार होते."

"माहीत आहे मला," शशिकलाबाई उरल्यासुरल्या आवाजात म्हणाल्या. "पण मृदुला म्हणाली, मावशी, चार सांगितलं तर लोकांना खरं वाटणार नाही."